पोडावरची भाषा आणि बर्कलीचा प्राध्यापक : कोलामीच्या अभ्यासाची दीडशे वर्षे

सेतुमाधवराव पगडी हे नाव इतिहासाची आवड असणाऱ्या मराठी वाचकाला शिवकालामुळे ठाऊक असते. फार्सी आणि उर्दू साधनांवर हुकूमत, निजामाच्या राजवटीतली सनदी नोकरी, पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियरचे संपादन, १९९२ साली पद्मभूषण. मात्र याच पगडींनी १९५० साली हैदराबादेत कोलामी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, हे त्यांच्या चाहत्यांपैकी फार थोड्यांच्या गावी असते.

कोलामी ही कोलाम समाजाची भाषा. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कडेला, पैनगंगेच्या अलीकडे, झरी जामणी तालुका आहे. नदी ओलांडली की आदिलाबादचा मुलूख लागतो. या पट्ट्यात कोलामांच्या वस्त्या आहेत. त्यांना गाव म्हणत नाहीत, ‘पोड’ म्हणतात. पोडावर कोलामी, शेजारच्या वस्तीत गोंडी, तांड्यावर बंजारा बोली, बाजारात वऱ्हाडी मराठी आणि नदीपलीकडच्या सोयऱ्यांशी तेलुगू, असा इथला भाषाव्यवहार. एका माणसाच्या तोंडी दिवसभरात तीन भाषा येणे ही इथे कौतुकाची बाब नाही.

प्रस्तुत धागा आहे तो या भाषेकडे अभ्यासकांनी कसे पाहिले याविषयी. आधी शब्द गोळा झाले, मग व्याकरण लिहिले गेले. बोलणाऱ्याच्या मनात काय चालते, हा प्रश्न सर्वांत शेवटी आला. तो आला तेव्हा त्याचे उत्तर विदर्भात नव्हे, तर ओडिशाच्या डोंगरांत शोधले गेले.

कोलामीची पहिली लिखित नोंद करणाऱ्यांत नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप येतात. नागपुरातले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. १८६३ साली ते बुडून मरण पावले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली, आणि त्यांतल्या शब्दयाद्यांत गोंडीच्या शेजारी कोलामीला स्वतःचा रकाना मिळाला. १८९७ मध्ये वुल्झली हेग यांनी गोंड आणि कोलाम यांच्या भाषांची तौलनिक शब्दसूची बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दिली. हे तेच हेग, ज्यांनी पुढे ‘केंब्रिज हिस्टरी ऑफ इंडिया’चा तिसरा खंड संपादित केला. कोलामीच्या वाटेवर इतिहासकारच वारंवार भेटतात, ही गंमत खरी.

मग १९०६ साली ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा चौथा खंड आला. तो नॉर्वेच्या स्टेन कोनो यांनी सिद्ध केला होता. सर्वेक्षणाची पद्धत ठरलेली होती : बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट प्रत्येक भाषेत सांगून घ्यायची आणि त्या नमुन्यावरून भाषेचे कूळ ओळखायचे. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा नुकताच ‘वून’ म्हणजे वणी हे जुने नाव टाकून बसला होता. या खंडात पुसद भागातल्या एका बोलीची नोंद आहे. लोक तिला भिली म्हणत, पण तपासल्यावर ती कोलामीची बहीण निघाली. भिली आर्य कुळातली आणि कोलामी द्राविड. नुसत्या नावावर विसंबणाऱ्या गणनेत किती मोठी गफलत होऊ शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

इथपर्यंतची सारी मंडळी भाषेकडे वनस्पतीच्या नमुन्यासारखे पाहत होती. पान खुडावे, कागदात दाबावे, कूळ लिहावे. हे काम टाकाऊ नव्हते. त्यावाचून पुढचे काहीच घडले नसते. परंतु त्या शब्दांमागे विचार करणारा माणूस आहे, याची चाहूल या खंडांत लागत नाही.

ती लागली एका कॅनेडियन प्राध्यापकामुळे. मरे बार्नसन एमेनो यांचा जन्म १९०४ साली नोव्हा स्कोशियातल्या लुनेनबर्ग या किनाऱ्यावरच्या गावी झाला. डलहौसी विद्यापीठ, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, मग येल. शिक्षण ग्रीक-लॅटिनचे, पुढे संस्कृतचे. १९३१ सालचा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध वेतालपंचविंशतीवर, म्हणजे आपल्या वेताळपंचविशीवर होता. पोथ्यांत रमलेला हा माणूस पोथ्यांतच राहिला असता. पण त्याच वर्षी येलला एडवर्ड सपीर आले.

सपीर हे अमेरिकेतल्या मूलनिवासी भाषांचे थोर अभ्यासक. भाषेचा आवाज कानात असतो की मनात, हा त्यांचा प्रश्न होता. १९३३ साली त्यांनी या विषयावर एक निबंध लिहिला. त्यातला एक प्रसंग भाषेच्या मानसशास्त्रात आजही शिकवला जातो. दक्षिण पायूट भाषा बोलणारा टोनी नावाचा तरुण त्यांच्यापाशी आपली भाषा लिहायला शिकत होता. सपीरना एका शब्दात स्पष्टपणे ‘व’सारखा नाद ऐकू येत होता. टोनीने मात्र तिथे ‘प’ लिहिला. सपीरनी शब्द तोडून उच्चारायला सांगितला, तर टोनीच्या तोंडूनही ‘प’च आला. तो चुकत नव्हता. त्याच्या भाषेत ‘प’ला दोन स्वरांच्या मध्ये ‘व’सारखे रूप येत असे, आणि त्याचे मन त्या वरवरच्या नादाखालचा मूळ ‘प’ ऐकत होते.

मराठी वाचकाला याचा पडताळा घरबसल्या घेता येतो. ‘अंक’, ‘अंत’ आणि ‘अंबा’ हे तीन शब्द सावकाश म्हणावेत. पहिल्यात अनुस्वाराचा नाद घशाजवळ उमटतो, दुसऱ्यात जीभ दातांना टेकते, तिसऱ्यात ओठ मिटतात. तीन वेगळे नाद, पण आपण डोक्यावर एकच टिंब देतो आणि त्यात काही खटकत नाही. ध्वनिमापक यंत्र तीन नाद दाखवील. मराठी मन एक ऐकते. सपीर यालाच मानसिक वास्तव म्हणत होते.

सपीरच्या सूचनेवरून एमेनो १९३५ मध्ये भारतात आले आणि १९३८ पर्यंत राहिले. निलगिरीत तोडा, कोटा आणि बडगा, कुर्गात कोडगू, आणि मध्य प्रांतात वर्ध्याकडची कोलामी, असा त्यांचा प्रवास झाला. लिखित वाङ्मय नसलेल्या भाषेसाठी त्यांची पद्धत एकच : लोकांना गोष्टी सांगायला लावायच्या, तोंडून येईल तसे लिहून घ्यायचे आणि मग महिनोन्‌महिने त्या मजकुराशी झटायचे. उधळ्या पुत्राची तयार गोष्ट भाषांतरित करून घेणे निराळे आणि बोलणाऱ्याने स्वतःची गोष्ट स्वतःच्या ओघात सांगणे निराळे. पहिल्यात फक्त शब्द मिळतात. दुसऱ्यात कोणती गोष्ट कुठे जोडायची, कशाला महत्त्व द्यायचे, काय न सांगताही समजते, हेही हाती लागते.

१९४० मध्ये एमेनो बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रुजू झाले आणि अखेरपर्यंत तिथलेच राहिले. १९५३ साली तिथे भाषाशास्त्राचा विभाग उभा राहिला, त्याच्या संस्थापकांत ते होते. कॅलिफोर्नियातल्या मूलनिवासी भाषा एकेका वृद्ध माणसाबरोबर संपत होत्या. त्यांच्या नोंदीसाठी विभागातले विद्यार्थी वस्त्यावस्त्यांवर जाऊ लागले. निलगिरीत आणि वर्ध्याकडे घोटलेली पद्धत अशी कॅलिफोर्नियात शिकवली गेली.

१९५५ साली त्यांचा ‘कोलामी : अ द्रविडियन लँग्वेज’ हा ग्रंथ निघाला. त्याआधी पाचच वर्षे पगडींचे व्याकरण आले होते. पगडींची कोलामी आदिलाबादची, एमेनोंची वर्ध्याची. एक प्रशासक, दुसरा प्राध्यापक. पुढे १९६१ मध्ये एमेनो आणि ऑक्सफर्डचे टॉमस बरो यांनी द्राविड भाषांचा व्युत्पत्तिकोश सिद्ध केला. त्यात कोलामी शब्दांपुढे कंसात अधूनमधून ‘एस आर’ ही दोन रोमन अक्षरे दिसतात. ती म्हणजे सेतुमाधव राव, अर्थात पगडी. शिवचरित्राच्या अभ्यासकाचे नाव जगभरच्या द्राविड अभ्यासात असे दोन अक्षरांपुरते उरले आहे.

आता कोलामीच्या पोटात शिरू, कारण खरी मौज तिथे आहे.

मराठीत तीन लिंगे : तो, ती, ते. कोलामीची विभागणी वेगळी. एकीकडे पुरुष आणि दुसरीकडे बाकी सर्व. स्त्री, गाय, झाड, दगड हे सारे व्याकरणाच्या दृष्टीने एकाच घरात राहतात. याचा अर्थ कोलाम समाज स्त्रीला दगड मानतो, असा उथळ निष्कर्ष काढण्याचा मोह कुणाला होईल, तो टाळावा. तेलुगूतही एकवचनात अशीच वाटणी आहे. व्याकरणातले लिंग आणि समाजातले स्थान यांचा असा सरळ हिशेब लागत नाही, नाहीतर ‘मूल’ नपुंसकलिंगी ठेवणाऱ्या मराठी आयांची काही धडगत नव्हती.

आकड्यांची गोष्ट आणखी बोलकी. कोलामीतले एक ते चार हे अंक तिचे स्वतःचे आहेत, पाचपासून दहापर्यंतचे तेलुगूतून आलेले. मोजणे ही आपल्याला भाषेतली सर्वांत घट्ट रुतलेली गोष्ट वाटते. पण बाजारात ज्या भाषेत भाव होतो, त्या भाषेचे अंक घरात शिरतात. या सहा अंकांत एका समाजाच्या देवघेवीचा इतिहास साठला आहे, आणि तो कोणत्याही बखरीत नाही.

आणि एका ठिकाणी मराठी व कोलामी हातात हात घालून उभ्या आहेत. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जातो’ यांतला फरक मराठी मुलाला शिकवावा लागत नाही. ‘आपण’मध्ये ऐकणारा आहे, ‘आम्ही’मध्ये नाही. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही, संस्कृतच्या ‘वयम्’मध्ये नाही. द्राविड भाषांत तो जुना आहे आणि कोलामीतही आहे. मराठीने तो शेजाऱ्यांकडून घेतला असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या भाषेला शाळेत बोली म्हणून बाजूला सारले जाते, तिच्या कुळाची खूण प्रमाण मराठीच्या गाभ्यात बसलेली आहे.

एमेनोंनी १९५६ साली नेमका हाच मुद्दा मोठ्या पटावर मांडला. ‘इंडिया ॲज अ लिंग्विस्टिक एरिया’ हा त्यांचा निबंध. भारतात आर्य, द्राविड, मुंडा अशी वेगवेगळी कुळे असली, तरी हजारो वर्षांच्या सहवासाने त्यांच्यात अशी साम्ये आली, जी त्यांच्या भारताबाहेरच्या भाऊबंदांत नाहीत. ‘घरबिर’, ‘पाणीबिणी’ असे प्रतिध्वनी-शब्द मराठी माणूस सहज बोलतो, आणि तेलुगू माणूस ‘पुलि-गिलि’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ‘वाघबिघ’च असते. पण हे साम्य आले कुठून? भाषा हवेतून एकमेकींना भेटत नाहीत. त्या भेटतात एकाच माणसाच्या डोक्यात, दोन्ही भाषा बोलणाऱ्याच्या. १९६२ च्या निबंधात एमेनोंनी द्वैभाषिकतेचा प्रश्न थेट हाती घेतला.

याचे टोकाचे उदाहरण महाराष्ट्रातच मिळाले. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या एका गावाचा अभ्यास केला आणि १९७१ साली तो ‘कुपवार’ या नावाने प्रसिद्ध झाला. तिथे कन्नड, उर्दू आणि मराठी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत होत्या. या भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली होती, की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. शब्द वेगळे, सांगाडा जवळजवळ एकच. आणि तरी कुणी आपली भाषा सोडली नव्हती, कारण घरची भाषा ही ओळख होती.

एमेनोंचे मोठेपण मान्य करूनही एक मर्यादा नोंदवायला हवी. त्यांनी प्रौढ माणसांच्या गोष्टी ऐकल्या. कोलामी बोलणारे सहा वर्षांचे मूल मराठी शाळेत पहिल्यांदा बसते तेव्हा त्याच्या मनात काय घडते, हा त्यांचा प्रश्न नव्हता. तो मानसशास्त्राचा प्रश्न होता, आणि त्या काळी मानसशास्त्राचे उत्तर फारसे दयाळू नव्हते.

१९२३ साली सेअर नावाच्या संशोधकाने वेल्समधल्या मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली आणि खेड्यातली द्वैभाषिक मुले एकभाषिकांपेक्षा मागे दिसतात, असे लिहिले. दोन भाषा म्हणजे डोक्यावर दुहेरी ओझे, ही समजूत तिथून जगभर पसरली. भारतातल्या शाळाही तिला अपवाद नव्हत्या. १९६२ साली माँट्रियलमध्ये पील आणि लॅम्बर्ट यांनी ती उलथवली; त्यांच्या पाहणीत फ्रेंच-इंग्रजी मुले एकभाषिकांपेक्षा सरस निघाली. पण दोन्ही अभ्यासांवर एकच आक्षेप राहतो : तुलना खरोखर भाषेची होती, की गरीब-श्रीमंताची, खेड्या-शहराची?

या आक्षेपाला उत्तर देणारी जागा अजित मोहंती यांना ओडिशात सापडली. भाषेचे मानसशास्त्र हेच त्यांच्या आयुष्याचे अध्यापन आणि संशोधन. आधी भुवनेश्वरचे उत्कल विद्यापीठ, मग दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. ओडिशातल्या कंध समाजाचे काही लोक कुई आणि ओडिया दोन्ही बोलत होते, तर दुसऱ्या भागातल्या कंधांची कुई सुटून फक्त ओडिया उरली होती. समाज तोच, रीतिरिवाज तेच, गरिबी तीच; फरक फक्त भाषेचा. प्रयोगशाळेत घडवूनही इतकी नेटकी तुलना मिळाली नसती.

चाचण्यांत मुलांना भाषेबद्दल विचार करायला लावले जाते. या क्षेत्रातला एक प्रसिद्ध प्रश्न असा : समजा आपण गाईला कुत्रा म्हणायचे आणि कुत्र्याला गाय, तर दूध कोण देईल? शब्द आणि वस्तू ही दोन निराळी प्रकरणे आहेत हे ज्याला उमगले, तो मूल हसत उत्तर देतो. ज्याला उमगले नाही तो गोंधळतो. मोहंतींच्या अभ्यासांत भाषेकडे असे तटस्थपणे पाहण्यात कुई-ओडिया बोलणारी कंध मुले आपल्या एकभाषिक भाऊबंदांपेक्षा पुढे दिसली. दोन नावांची सवय असलेल्याला नाव आणि वस्तू यांतली फट लवकर दिसते. १९९४ साली म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

मोहंती इथेच थांबले नाहीत. इंग्रजी आणि प्रादेशिक भाषा यांच्यात एक दरी आहे, ती सर्वांना दिसते. प्रादेशिक भाषा आणि आदिवासी भाषा यांच्यात दुसरी दरी आहे, ती प्रादेशिक भाषेच्या अभिमान्यांना दिसत नाही. या दुहेरी दरीचा उल्लेख मराठीच्या गळचेपीवर पोटतिडकीने बोलणाऱ्या सभांमध्ये ऐकू येत नाही, हे सांगितलेच पाहिजे.

आता हे सारे झरी जामणीच्या पोडावर आणून पाहावे. कोलामी मूल शाळेत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांचा फरक घरून घेऊनच येते; तो शिकवण्यात वेळ घालवायचे कारण नाही. पण दगड ‘तो’, वाट ‘ती’ आणि झाड ‘ते’ का, याला त्याच्या व्याकरणात काहीच आधार नाही. तिथे ते अडखळले, तर ती मंदबुद्धी नव्हे; एका सुसंगत व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत जाताना लागलेली ठेच आहे. हे ओळखायला १९५५ सालच्या ग्रंथाची काही पाने शिक्षकाच्या हाती पडली असती तरी पुरे होते. तो ग्रंथ इंग्रजीत, विद्यापीठांच्या ग्रंथालयांत राहिला.

कायद्याची बाजू कागदावर कधीच दुबळी नव्हती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० क आला, आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करणे राज्यांवर सोपवले गेले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शक्य तिथवर मातृभाषा हेच माध्यम सांगितले. २०११ च्या जनगणनेत कोलामी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सव्वा लाखाच्या थोडी वर आहे. कोलाम हे महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. उरलेले दोन कातकरी आणि माडिया गोंड.

नदीपलीकडे मात्र या गोष्टीला जुनी परंपरा आहे. १९४० मध्ये कोमरम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना आदिलाबादच्या गोंडांमध्ये पाठवले. १९४३ पासून मार्लवाईला गोंड शिक्षक तयार होऊ लागले आणि गोंडीतली वाचनपुस्तके निघाली. ती देवनागरीत होती, कारण त्या भागातल्या मोजक्या साक्षर गोंडांना मराठी येत होती. पगडींचे व्याकरण याच मुलखातले आणि याच वातावरणातले.

बर्कलीत २९ ऑगस्ट २००५ रोजी एमेनो वारले, तेव्हा त्यांचे वय १०१ होते. त्याच्या सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने आठ आदिवासी भाषांमधून प्राथमिक शिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला होता, आणि त्या आठांत कोलामी होती. ओडिशानेही पाठोपाठ दहा भाषांमध्ये असा कार्यक्रम सुरू केला. आंध्रातल्या कोलामी पुस्तकांची लिपी तेलुगू होती. पैनगंगेच्या अलीकडच्या पोडावरचे मूल ती भाषा घरी बोलते, पण पुस्तक हाती आले तरी त्याला ते वाचता येणार नाही; त्याला शाळेने देवनागरी शिकवली आहे.